करडी भिंत

तमकीन म्हणाली, काका, आधी ती खिडकी बंद करा.
मी म्हटलं, समोर हर्णैचं बंदर आहे,
सत्तावीस वर्षं याच उजेडावर दुकान चाललंय.
ती म्हणाली, म्हणूनच.

चिपळूणच्या लॅबमधून एसटीने आलेला अल्बम
तिच्यापुढे उघडा पडला होता.
कालेकरांच्या मुलीची हळद शेवाळासारखी हिरवट,
नवरा तर लाईट गेल्यावर
पाटावर बसवल्यासारखा काळोखात.
माझ्या स्क्रीनवर सगळं लख्ख होतं, देवाशपथ.
'स्क्रीन लख्ख होती,' ती म्हणाली,
'फोटो नव्हता.'

पडदा आला. मग भिंत.
गणपतीत हौसेने दिलेल्या पोपटी रंगावर
करड्याचे दोन हात.
रंगारी म्हणाला, चोगलेशेठ, घरात कोण गेलं?
रंग खरा दिसायला
खोलीत रंग नको, हे त्याला कसं सांगू.
मलाच ते नुकतं कळलेलं.

आता रोज दुपारी, बोटी यायच्या आत,
मी एकोणीस वर्षांच्या मुलीसमोर वही घेऊन बसतो.
हिस्टोग्राम म्हणजे डोंगर, मी लिहितो.
डावीकडे काळोख, उजवीकडे ऊन.
डोंगर उजव्या कडेला आपटला
की तिथलं गेलं, ते परत येत नाही:
पांढऱ्या साडीची वीण,
टोपलीतल्या पापलेटची चकाकी.
कर्व्ह मात्र अजून वळत नाही हाताला.
जरा ओढली की नवरी निळी,
जरा सोडली की भटजी तांबडे.

एका लग्नाचे अकराशे चाळीस फोटो.
आधी नाकारायचे, मग निवडायचे.
डोळे मिटलेले मामा, एक्स.
पंगतीत घास तोंडाशी, एक्स.
माझं बोट अडखळतं.
छत्तीसच्या रोलमध्ये मी अख्खं लग्न बसवायचो,
नाकारायचं ते
बटण दाबायच्या आधीच नाकारलेलं असायचं.

दोन प्रती इथे, तिसरी खेडला तिच्या मामूकडे,
कारण खारी हवा लेन्स खाते, डिस्कही खाईल.
आणि पहिल्या पानावर, तिनेच लाल पेनाने:
मूळ फाईलला हात लावायचा नाही.
जे करायचं ते वरच्या थरावर.
थर झाकता येतो, उघडता येतो,
अगदी नको झाला तर टाकून देता येतो,
खालचं माणूस जसंच्या तसं.

परवा रेवाळ्यांच्या मुलाने जुनी निगेटिव्ह आणली.
वडिलांचा फोटो मोठा करायचा होता.
तमकीनने स्कॅन केली, तीनशे टक्क्यांवर नेली,
आणि थांबली.
'काका, खांद्यावर हे काय? धूळ नाही वाटत.'

धूळ नव्हतीच.
चार बोटं होती.
कलमांच्या बागेवरून वाटणी झाली त्या वर्षी
थोरल्या रेवाळ्यांनी मला सांगितलं होतं,
धाकट्याला काढ यातून.
मी ब्लेड घेतलं, निगेटिव्ह खरवडली,
जागा काळी पडली तर म्हटलं, मागे पडदा दिसेल.
पन्नास रुपये घेतले त्याचे.
हात तेवढा राहून गेला
भावाच्या खांद्यावर, मलाही न दिसता.

तिने ब्रश उचलला होता.
'साफ करू? दोन मिनिटांचं काम आहे.'
मी म्हटलं, थांब.
आधी वर थर घे.

बाहेर लिलाव सुरू झाल्याचा गलका येत होता.
आम्ही करड्या भिंतीत बसून राहिलो,
ती माझ्याकडे बघत,
मी त्या बोटांकडे.